जाबोरांदी

एवलालियाबाई दाराशी आल्या तेव्हा जुरेमा अंगणात पानं वाळत घालत होती.

"ओळखलंस का गं मला?"

"न ओळखून कसं चालेल, बाई? तुमच्या शाळेत आम्हा गुआजाजारा आदिवासींच्या बोलीतला एखादा शब्द निसटला, की साबणानं तोंड धुवायला लावायचात. अजून जेवताना कधीकधी फेसाची चव येते."

"तुमच्याच भल्यासाठी होतं ते. पोर्तुगीज आलं म्हणून तर माणसांत आलात." बाईंची जीभ बोलताना टाळूला चिकटत होती. "गळ्याला किरणं दिल्यापासून तोंडाला थेंबभर लाळ सुटत नाही, पोरी. घास घशाखाली उतरत नाही. मूठभर जाबोरांदी दे."

"काय देऊ?"

"जाबोरांदी गं! ही पानं!"

"त्या नावाचा अर्थ ठाऊक आहे, बाई?"

"औषधाचं नाव ते. त्याला कसला अर्थ?"

"लाळ आणणारं. आमच्या जुन्या लोकांनी ठेवलेलं नाव आहे, आमच्या बोलीतलं. तुमच्या पोर्तुगीजांनी उचललं."

जुरेमानं मूठभर पानं वाडग्यात काढली आणि बाईंचा हात पोचणार नाही अशी ओट्यावर ठेवली. मग ती आत गेली आणि तुंबाभर पाणी आणि साबणाची वडी घेऊन आली. दोन्ही तिनं बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"दोनदा बोललात, बाई," ती म्हणाली. "दोनदा धुवा."