एकाचीच जागा

गेममधल्या अंतराळयानातली हवा संपत आली होती. घातपात कोणी केला ते अजून कळलं नव्हतं, मेकॅनिक जखमी होऊन पडला होता आणि सुटकेच्या छोट्या यानात जागा एकाचीच होती. ताईने टाइप केलं, ‘मेकॅनिकला बसव.’

‘आज्ञा समजली नाही,’ स्क्रीनवर उमटलं.

तिने पुन्हा तेच टाइप केलं. हवा आणखी कमी झाली.

“अगं, ‘आत बस’ टाइप कर! मरशील!” गेम लिहिणारा धाकटा भाऊ मागून ओरडला.

“आणि हा मेकॅनिक?”

“त्याला बसवायची आज्ञाच मी ठेवलेली नाही. स्वतःच्या जिवावर बेतल्यावर दुसऱ्याला कोण बसवतं, ताई?”

ताईने वळून त्याच्याकडे बघितलं. तिची एक किडनी गेल्या वर्षापासून त्याच्या पोटात होती.