न घासलेला तुकडा

पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा केराबाईंनी व्हिनेगरमध्ये बुडवला आणि जीपच्या बंपरवरून हलक्या हाताने फिरवला. तांबूस गंज ओघळून खाली आला. मागोमाग खाण्याच्या सोड्याचा लेप, मग जुन्या धोतराचे कोरडे फडके. वर्षानुवर्षांचे मालिन्य उतरले आणि धातूत आकाश दिसू लागले.

खंडेनवमीचा दिवस होता. सात रस्त्याजवळच्या बाळासोच्या वॉशिंग सेंटरवर वाहनांची रीघ लागली होती.

"मावशी, अजून डबाबी न्हाय उघडला तुमी," बाळासो म्हणाला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव पाहून तो हसला. "कोंडीबा कदम. घरातलं एक भांडं सोडलं न्हाय. काकांच्या गाडीवरबी नाव टाकलं आसंल."

"टाकलंच की. भांडेवाला नको म्हनत हुता."

ओठांवर आलेले हसू तिथेच मावळले. तीन वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या अलीकडे त्यांचे धनी कोंडीबा रस्त्याकडेला मृतावस्थेत सापडले. कोणी तरी उडवून पळाले, असे सारे म्हणाले. मोटारसायकल दिराने परस्पर भंगारात दिली. केराबाईंच्या दृष्टीस ती पुन्हा पडली नाही. रुग्णालयातून आलेल्या गाठोड्यात मात्र क्रोमचा एक वीतभर, वाकडा तुकडा होता. कोंडीबांच्या मुठीत होता म्हणे. मारणाऱ्याच्या बंपरचा, दुसरा कशाचा असणार?

ते वाहन शोधायचे, या एकाच संकल्पाने केराबाईंनी हे काम धरले. तुकडा रोज पिशवीत असे. चिखल आणि रक्त वाळून तो काळाठिक्कर पडला होता. शेकडो बंपर उजळणाऱ्या त्या हातांनी त्याला मात्र कधी पाणी लावले नाही. त्यावर धन्याचा अखेरचा स्पर्श होता.

फडके बंपरच्या डाव्या टोकाशी आले आणि थांबले. टोक तुटलेले होते. वीतभर.

"आप्पा, हे कशानं तुटलं?"

जीपचा मालक बसलिंगप्पा, वैरागचा वृद्ध गृहस्थ, कपाळी विभूतीचे पट्टे, स्टुलावर बसला होता. "टेंभुर्णीपाशी. झाली तीन वर्सं."

"कशाला धडकली?"

"जाऊ द्या बाई. सनाच्या दिवशी ती याद नको."

केराबाईंनी हात कोरडे केले. तुकडा काढून तुटल्या टोकाशी धरला. वळण जुळले. रुंदी किंचित कमी भरली. पण गंजाने धातू झिजतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

"बाळासो," त्या शांतपणे म्हणाल्या, "फाटक लाव."

थोड्याच वेळात बसलिंगप्पाचा ओठ फुटला होता, सदरा खांद्यावर फाटला होता. रांगेतल्या वाहनांचे चौघे मालक त्याला घेरून उभे होते.

"वासरू हुतं हो," तो पुनःपुन्हा सांगत होता. "लिंगाची आन. आडवं आलं. ते पाप कुनाला सांगू?"

"वासराच्या मुठीत बंपर गावला व्हय, आप्पा?" एकाने विचारले. कोणी हसले नाही.

बाळासोने पोलिसांना फोन लावला. मग केराबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ते येस्तोवर तुकडा घासून ठेवा. आज खंडेनवमी. लोखंड कळकट ठेवू न्हाय."

केराबाईंना ते पटले. संकल्प सिद्धीस गेला होता. आता धन्यालाही मोकळे करायला हवे होते. त्या पायरीवर बसल्या. नवा बोळा केला, व्हिनेगर ओतले. बसलिंगप्पाने पाणी मागितले. कोणी जागचे हलले नाही. केराबाईंनीही मान वर केली नाही.

तीन वर्षांचा काळा थर पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागला. खाली उजळ क्रोम आणि त्यावर बारीक ठिपके. गंज आत शिरला असेल, म्हणून त्यांनी आणखी सोडा चोळला. ठिपके गेले नाहीत. फडक्याने पुसून त्यांनी तुकडा उन्हात धरला, तेव्हा ते डब्याच्या झाकणावर असत तसेच ओळीने उभे राहिले: कोंडीबा क. त्यापुढे धातू तुटला होता.