डावी मुरड

"अजून पिळ," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "पाणी राहिलं तर पारी फाटेल. आणि आज एक जरी फाटली, तरी बाबा ताट सरकवून देतील."

धाकटीने मीठ लावलेला कोबी फडक्यात घालून पुन्हा पिळला. नऊ वर्षांनी ती माहेरच्या स्वयंपाकघरात आली होती, तीही चोरासारखी, मागच्या दाराने. दादा कामावर गेला होता. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. आवाज वहिनीनेच मोठा करून ठेवला होता.

बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलं. साखरेच्या दुखण्याने डोळे गेले, पण बोटं आणि जीभ अजून तल्लख. हट्टाचं तर विचारूच नका. धाकटीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा "मला मुलगी नाही" म्हणाले, ते म्हणालेच. त्याच वर्षी आई गेली, त्या दिवशीही तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं. असा बाप वैऱ्यालाही मिळू नये. पण धाकटीचा जीव त्याच्यातच अडकलेला.

आणि आता डॉक्टर म्हणत होते, हृदय थकलंय, महिना काढला तरी खूप. दादाने तिला काही कळवलं नाही. कळवलं ते वहिनीने. "ये, तुझ्या हातच्या पुरचुंड्या खाऊ घालू त्यांना," ती फोनवर म्हणाली होती. "बघ कसे विरघळतात ते!"

पुरचुंड्या हा आईचा पदार्थ. पातळ पारीत कोबी, गाजर, अळंबी, आलं आणि कांद्याची पात भरायची, कड मुरडून बंद करायची आणि चाळणीवर वाफवायच्या. आई डावखुरी, धाकटीही डावखुरी. त्यामुळे दोघींची मुरड सगळ्या जगाच्या उलट पडायची. बाबा जेवताना आधी कडेवरून बोट फिरवायचे.

"नऊ वर्षं मी करतेय," पाऱ्या लाटता लाटता वहिनी म्हणाली. "कधी 'बरं झालंय' म्हणतील? छे! बोट लावायचं आणि म्हणायचं, मुरड तिची नाही. कान किटले बाई माझे!"

ती हसली. धाकटीही हसली, पण तिला वहिनीचं वाईट वाटलं. अंघोळ, औषधं, पथ्य, सगळं हिनेच करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं.

"मलाही शिकव ना," वहिनी म्हणाली. "तू काय, चार दिवस राहशील. मग कोण करून घालणार त्यांना?"

धाकटीला भरून आलं. तिने वहिनीचा डावा हात आपल्या हातात घेतला, बोटं कुठे धरायची, अंगठा कुठे दाबायचा, सगळं दाखवलं. पहिल्या दोन-चार पुरचुंड्यांचे अगदी बारा वाजले. दोघी तोंडावर पदर धरून हसल्या. पण वहिनी चिकाटीची. विसाव्या पुरचुंडीपर्यंत कुठली कोणाची, ते धाकटीलाही सांगता येईना.

"वहिनी, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"गप गं! उपकार कसले?" वहिनीने चाळणीवर झाकण ठेवलं. "आता तू मागच्या जिन्यात जाऊन बस. आधीच तुझा आवाज कानावर पडला तर भडकतील, घास नरड्याखाली उतरणार नाही. खाऊन मन भरून आलं, की मी हाक मारते."

धाकटी जिन्यात जाऊन बसली. तिला धीर निघत नव्हता.

वहिनीने रेडिओ बंद केला आणि ताट बाबांच्या मांडीवर दिलं. बाबांनी बोट फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. मग एक पुरचुंडी तोंडात घातली, दुसरी घातली, आणि म्हातारा लहान पोरासारखा रडू लागला.

"सूनबाई, ही तुझी मुरड नव्हे. आलीय ना ती?"

वहिनीने त्यांच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"बोलाव तिला. म्हणावं, बाप चुकला. मरायच्या आधी एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवू दे मला."

वहिनी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने मागच्या दाराला आतून हळूच कडी घातली. उरलेली एक पारी आणि चमचाभर सारण घेऊन ती बाबांच्या पायाशी येऊन बसली. पारी त्यांच्या तळहातावर ठेवली, सारण भरलं, आणि त्यांचं बोट कडेवर धरून डाव्या हाताने एकेक मुरड घातली.

"ती कुठली यायला, बाबा?" ती मायेने म्हणाली. "तीनदा फोन केला मी. म्हणाली, माझा बाप कधीच मेला."