धानोऱ्याची पाठ

धानोऱ्याच्या रुग्णालयातल्या, उपचार सुचवणाऱ्या यंत्राने सगुणा मडावीच्या पाठीचं चित्र पाहिलं आणि निर्णय दिला: पाठीला पट्टा वापरावा, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

सगुणाचे स्नायू लहानपणापासून झिजत होते. आता कणा इतका वाकला होता, की चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या धाप लागायची. तिची पुण्याची मैत्रीण केतकी हिला हाच आजार, कणाही असाच वाकलेला. पण तिला याच यंत्राने लगेच शस्त्रक्रिया सुचवली होती.

डॉक्टर बोरकुटे आवाज खाली आणून म्हणाले, "पुण्याचा पत्ता दे. यंत्र जुन्या रुग्णांवरून शिकतं. आपल्या भागात असा कणा कुणी सरळ केलाच नाही, म्हणून इथे उपयोग नाही असं ते धरून चालतं."

"म्हणजे पुण्यात माझी पाठ सरळ होईल आणि धानोऱ्यात नाही?" सगुणा म्हणाली. "मी खोटा पत्ता देणार नाही. माझी नोंद पुण्याच्या खात्यात जाईल, आणि माझ्यानंतर इथे येणाऱ्यांना मग पुन्हा पट्टाच मिळेल. यंत्राचा निर्णय तुम्हाला फिरवता येतो ना?"

"येतो. पण काही बिघडलं तर..."

"श्वास माझा आहे, डॉक्टर. फिरवा."

बोरकुट्यांनी निर्णय फिरवला. शस्त्रक्रिया धानोऱ्यातच झाली. शुद्धीवर आल्यावर सगुणा बरेच दिवस दुखण्याने कळवळत होती, पण श्वास छातीभर येत होता.

पुढे ती तपासणीला आली, तेव्हा त्याच भागातल्या एटापल्लीची, तसाच कणा वाकलेली एक मुलगी बापासोबत यंत्रासमोर बसली होती. आता यंत्राकडे सगुणाच्या शस्त्रक्रियेचीही नोंद होती, म्हणून या वेळी त्याने वेगळंच सांगितलं: माहिती अपुरी, डॉक्टरांनी ठरवावं.

बाप गोंधळला. सगुणाने खुर्ची पुढे घेतली.

"काका, आता इथून हलू नका," ती म्हणाली. "डॉक्टरांना ठरवायला लावा."