खिडकीतली वाट

जहाजावरून इटलीतलं लुक्का शहर बघायला आलेले पाहुणे जुन्या चर्चपाशी पोहोचले, तर दाराला कुलूप. आत डागडुजी चाललेली. बस यायला अजून बराच अवकाश होता. वेळ काढायचा म्हणून गाइड एत्तोरेने समोरच्या घराच्या बंद खिडकीकडे बोट केलं आणि दिलं ठोकून, "या खिडकीत एक मुलगी आपल्या खलाशी प्रियकराची वाट बघत म्हातारी झाली."

बायकांनी रुमाल काढले. एवढ्यात ती खिडकी खाडकन उघडली आणि एका म्हातारीने खाली वाकून इटालियनमध्ये विचारलं, "काय रे, आला का तो?"

एत्तोरेला घाम फुटला. "कोण, आजी?"

"तो मेला प्लंबर! सकाळीच येतो म्हणाला होता. वाट बघून बघून डोळे दुखायला लागले माझे!"

"काय म्हणतायत हो त्या?" पाहुणे कासावीस झाले होते.

एत्तोरेने प्लंबर तेवढा वगळला, बाकी शब्दाला शब्द सांगितलं. दिवसभरातलं त्याचं हेच काय ते खरं बोलणं, आणि नेमके त्यालाच सगळे हमसून हमसून रडले.