पोथीच्या रुमालात

"दोन आणली आहेत," हरिहर दाराआडून हळूच म्हणाला. "एकात हडळ आहे, दुसऱ्यात स्मशान. नको असेल ते मी संध्याकाळी वाचनालयात परत करीन. लवकर सांग, कचेरीला उशीर होतोय."

लक्ष्मीने पिठाचे हात पाठीमागे धरले. "जास्त भीती कशात वाटते?"

"स्मशानाचं मी वाचून संपवलं. हडळीचं मधेच ठेवून दिलं."

"मग हडळच द्या."

त्र्यंबकरावांच्या घरात बायकांनी पुस्तक हातात धरायचं नाही, असा नियम होता. पोथीला तेवढी मोकळीक होती. त्यांची सून, हरिहरची बायको लक्ष्मी, कल्याणच्या माहेराहून शिकून आली तेव्हा तिची पाटी रखमाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली, आणि ती तिथे फार चपखल बसली. वाचण्यातलं लक्ष्मीकडे उरलं ते एवढंच: चातुर्मासात रोज दुपारी सासूबाईंना पोथी वाचून दाखवायची. तेही गेलं तर आपण अक्षरं विसरून जाऊ, याची तिला कुठल्याही भुतापेक्षा जास्त भीती वाटे.

पोथी भाद्रपदातच वाचून संपली होती. तेव्हापासून तिच्या लाल रुमालात भुतं येत होती. आधी गणपतीला नमन, शेवटी देवाचं नाव, आणि मधे जो काय धुमाकूळ चाले तो सगळा पोथीच्या चालीवर. राक्षस पोथ्यांतही असतातच. रखमाबाई वाती वळत ऐकत आणि संपलं की हात जोडत. त्यांना अक्षर येत नव्हतं. तेव्हा त्यांना बाकीचंही काही कळत नाही, असं लक्ष्मी धरून चालली होती. सुना असंच धरून चालतात.

दुपारी माजघरात दोघीच होत्या. बाहेर आश्विनाचं ऊन कडक पडलं होतं. लक्ष्मीने नमन उरकलं आणि गोष्टीला हात घातला. चार पानांत हडळ विहिरीवर आली. केस मोकळे, पाय उलटे. पाणी भरणाऱ्या बाईच्या पाठीमागे येऊन ती उभी राहिली, आणि लक्ष्मी पोथीची चाल विसरून सरळ वाचत सुटली. रखमाबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला होता. तेही तिच्या लक्षात आलं नाही.

ओटीवर खाकरल्याचा आवाज झाला. त्र्यंबकराव झोपून उठले होते. पाणी प्यायला ते आत आले आणि भांडं हातात घेऊन तिथेच थांबले.

"आज कितवा अध्याय?"

लक्ष्मीने खाली पाहिलं. रुमाल बाजूला सरकला होता आणि पुस्तकाची शिवण उघडी पडली होती. तिने त्यावर हात ठेवला. त्र्यंबकराव दोन पावलं पुढे आले, वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. संपलं, असं तिला वाटलं.

"अकरावा," रखमाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आत्ता झोपेतून उठलात, पाय धुतलेले नाहीत. पोथीला शिवू नका."

सोवळ्याचे नियमही त्र्यंबकरावांचेच होते. त्यांनी हात मागे घेतला. पाणी प्याले, भांडं जागेवर ठेवलं आणि ओटीवर परत गेले. झोपाळ्याच्या कड्या करकरू लागल्या.

रखमाबाईंनी कापूस पुन्हा हातात घेतला. "पोथीचं पान वर उलटतात," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तू आडवं उलटतेस. महिनाभर बघते आहे. एखाद्या दिवशी त्यांनाही दिसेल."

लक्ष्मीला वाटलं, पाया पडायला उठावं, तर मांडीवर हडळ. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं. ते पुस्तकावर पडू नये म्हणून तिने मान बाजूला वळवली.

"रडतेस कशाला? ती त्या बाईच्या मागे उभी आहे. तिला तशीच ठेवणार आहेस का?"

लक्ष्मीने डोळे पुसले. शिवलेलं पुस्तक काही वर उलटता येईना. मग पान वर उलटावं म्हणून तिने ते आडवं धरलं आणि ती मान वाकडी करून वाचायला लागली. आता तिने चाल सोडली नाही. रखमाबाई मधे एकदाच बोलल्या, की बाळकुमहून मीठ घेऊन येणारी ठमाबाई सांगते ती खाडीवरची हडळ हिच्याहून बरी, निदान आधी हाक तरी मारते. नंतर त्या नुसत्याच ऐकत बसल्या. त्या दिवशी वाती पाचच झाल्या.

देवाचं नाव घेऊन लक्ष्मीने रुमाल बांधला. रखमाबाईंनी हात जोडले. उन्हं परसाच्या भिंतीवर चढली होती.

"सकाळी त्याने दोन आणली होती ना?" त्यांनी विचारलं. "दुसरं परत करू नको म्हणावं. कार्तिकी एकादशीपर्यंत पुरायला हवं."

मग त्यांनी कळशी उचलली आणि मागच्या दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. विहीर परसाच्या टोकाला होती.

"लक्ष्मी," त्यांनी हाक मारली, "चल माझ्याबरोबर."

तीस वर्षं त्या विहिरीवर त्या एकट्याच जात होत्या.