घरचीच सेवा

अठ्ठावन्न साली खुशालरावांची म्हातारी आई अंथरुणाला खिळली. "मायले वाऱ्यावर नाई सोडलं, घरीच सेवा करून राहिला," असं अकोल्याच्या जुन्या शहरात जो तो म्हणे.

तहान लागली की म्हातारी उशाची पितळी वाटी जमिनीवर आपटायची. पण पाणी पाजलं की अंथरूण भिजायचं. "आत्ताच तं देल्लं," सून म्हणायची. खुशालराव रिकामी वाटी उचलून परत उशाशी ठेवायचे.

म्हातारी गेली. रीतीप्रमाणे त्या जागी पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. माणूस कोणत्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं म्हणतात.

सकाळी भाऊबंदांसमोर खुशालरावांनी टोपली उचलली.



पिठात पाऊल नव्हतं. वाटीच्या बुडाचे गोल ठसे होते, एकावर एक.